टॅब कुठे राहतो?

शाळेतली मुलं तिला पट्टीबाई म्हणत. उंच, सडपातळ, चालणं ताठ, डोक्यावर घट्ट अंबाडा आणि पर्समध्ये कायम एक लाकडी फूटपट्टी. गणिताच्या बाईंकडे फूटपट्टी असणारच, पण हिची पट्टी तासापुरती नव्हती. नवीन कपाट दारातून आत येईल का, खिडकीचा पडदा आखूड पडेल का, मधल्या सुट्टीत एकाला वडीचा मोठा तुकडा मिळाला आणि दुसऱ्याला लहान, अशा सगळ्या बाबतींत ती पट्टी बाहेर निघायची. मुलं आपल्याला काय म्हणतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर तिचं चित्र काढून ठेवलं होतं. एक उभी रेघ आणि वर भलामोठा गोल. ती वर्गात आली, चित्र नीट पाहिलं, पट्टी लावून रेघ मोजली, गोल मोजला, आणि म्हणाली की प्रमाण चुकलंय, अंबाडा एवढा असता तर मी तोल जाऊन पुढे पडले असते. मग चित्र न पुसता त्याच्या शेजारी प्रमाणाचं गणित मांडलं. वर्ग पोट धरून हसला आणि त्या दिवशी प्रमाण सगळ्यांना समजलं.

मी तिच्या शेजारच्या वर्गावर भाषा शिकवत असे. वयाने मी बरीच मोठी, म्हणून ती मला ताई म्हणायची. मी निवृत्त झाले त्याच वर्षी शाळा मंडळाने तिला कार्यालयात बोलावून घेतलं. मंडळाच्या हाताखाली गावभरच्या शाळा होत्या आणि कुठली योजना चालली, कुठली नुसतीच कागदावर राहिली, हे बघायला त्यांना माणूस हवा होता. म्हणजे मोजायचंच काम. तिचा नवरा शहर बसवर चालक आहे, बोलण्यात मोठा मिस्कील. तो म्हणाला, "घरी चहा दिला तरी ही आधी मूल्यमापन करते, मग घोट घेते. आता त्याचा पगार मिळेल एवढंच."

पुढे ज्या योजनेची गोष्ट मी सांगणार आहे तिचे दोन भाग होते. पहिला भाग वर्गातला. खडूच्या फळ्याच्या जागी बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा. दुसरा भाग घरचा. पाचवीपासून पुढच्या प्रत्येक मुलाला एक टॅब. सकाळी तो शाळेत आणायचा, संध्याकाळी घरी न्यायचा. पहिला भाग मंडळाच्या संचालकसाहेबांचा लाडका, आणि दुसरा हट्टाने मागून घेतलेला होता पट्टीबाईनेच. तिचं म्हणणं असं, की शाळा दप्तरातून घरी जाते ती फक्त गृहपाठ म्हणून आणि वर्षातून दोनदा प्रगतिपुस्तक म्हणून. दोन्ही वेळा घरात बोलणी बसतात. एकदा तरी ती गंमत म्हणून घरी जाऊ दे. आईबापांनाही बघू दे, आजीआजोबांनाही हात लावू दे. साहेबांनी हो-नाही करत दोन वर्षांची मुदत दिली. दोन वर्षांनी बघायचं आणि मग ठरवायचं. आता बघायचं कुणी, तर कार्यालयात मूल्यमापनाला माणूस एकच.

"माझ्याच लेकराचा पेपर मला तपासायला दिलाय," ती मला म्हणाली होती. "पण ताई, एक मार्क वाढवून देणार नाही."

मला त्याची कधीच शंका नव्हती. तिला मात्र स्वतःबद्दल होती, म्हणून ती जरा जास्तच कडक वागायची.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा वर्गातल्या भागाची काळजी उरली नव्हती. डिजिटल फळ्यावर मुलं तुटून पडत होती. घरच्या भागाची मात्र पार वाट लागली होती. टॅब घरी कधी उघडला, किती वेळ चालला, हे कार्यालयातल्या संगणकावर दिसायचं. पहिल्या वर्षी बरं होतं. दुसऱ्या वर्षी आलेखाची रेघ अशी खाली बसली की तिला उठवायला कुणी हात देईना. टॅब घरी जायचे, रात्र काढायचे आणि सकाळी तसेच परत यायचे.

साहेब काही वाईट माणूस नाहीत. टेबलाच्या खणात गोळ्या ठेवतात, आलेल्याला एक देतात आणि अवघड गोष्ट सांगायची असली की दोन. त्या दिवशी त्यांनी पट्टीबाईपुढे दोन ठेवल्या. म्हणाले, घरचा भाग आता थांबवू या. हे म्हणजे भिंतीवर टांगलेल्या व्हायोलिनसारखं झालंय, घरात आहे, वाजवत कुणी नाही. टॅब परत घेऊ आणि लहान वर्गांना वापरायला देऊ. अहवाल तेवढा पुढच्या सभेआधी द्या.

त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि हेच तिला बोचत होतं. ती गोळ्या न खाता म्हणाली की आकडे बरोबर आहेत, पण ते टॅबचे आकडे आहेत, घरांचे नाहीत. मला घरं बघू द्या, मग लिहिते. साहेब हो म्हणाले. घरभेटीला एकट्याने जायचं नाही असा मंडळाचा नियम, आणि कार्यालयात रिकामा माणूस नाही. संध्याकाळी ती माझ्या दारात हजर.

"ताई, तुमच्याकडे वेळ आहे आणि तुम्हाला लोकांकडे बसून चहा प्यायला आवडतं. दोन्ही पात्रता पूर्ण आहेत. चपला घाला."

घरभेटीची तिची एक पद्धत होती. टॅब वापरता का, असं ती कुणालाच विचारायची नाही. तिचं मत असं, की घरी आलेल्या माणसाला कुणी वाईट बातमी देत नाही. आधी खुर्ची देतात, मग चहा देतात, मग त्याला हवं असेल ते उत्तर देतात. म्हणून ती एकच प्रश्न विचारायची, "टॅब कुठे राहतो?" आणि उठून बघायला जायची. पाहुणी म्हणून आलेली बाई एकदम उठून घरात चालू लागली की यजमानांची जी धांदल उडायची ती बघण्यासारखी असे. कुणी बिछाना झाकायला धावायचं, कुणी दोरीवरचे कपडे ओढायचं. मी मागे राहून सांगायची, असू द्या हो, आमच्याकडेही असंच असतं.

पहिलं घर एका रंगाऱ्याचं. घराच्या भिंतींना चार खोल्यांत चार रंग होते, उरलेल्या डब्यांची कृपा. टॅब राहत होता काचेच्या कपाटात, चांगल्या कपबशांच्या आणि रंगाऱ्याला कॅरममध्ये मिळालेल्या ढालीच्या मधोमध. कपाटाला कुलूप. किल्ली आत्याकडे आणि आत्या बाजारात. मागच्या बाजूने एक वायर मात्र आत गेलेली, त्यासाठी रंगाऱ्याने स्वतः कपाटाला भोक पाडलं होतं. "आम्ही त्याला फार जपतो, बाई," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट पाहणं इतकं स्पष्ट होतं, की मी घाईघाईने कपबशांची तारीफ केली.

दुसऱ्या घरी जुळे भाऊ होते. त्यांचे दोन टॅब फ्रिजच्या डोक्यावर शेजारी शेजारी चार्जिंगला लावलेले, वर एकेक हातरुमाल पांघरलेला. फ्रिजशेजारी खुर्ची टाकून त्यांचे आजोबा राखणीला बसले होते. उभं आयुष्य बँकेच्या दारात पहारा दिलेला माणूस. त्यांनी ठणकावून सांगितलं की दोन्ही नातवंडांपैकी एकाचंही बोट त्याला लागू दिलेलं नाही. पट्टीबाईने हळूच विचारलं, की मग घरी दिलाय कशाला, असं नाही वाटत तुम्हाला?

"तेच तर मी विचारतोय," आजोबा म्हणाले. "शाळेचं सामान शाळेत ठेवावं. पण दिलंय ना आमच्या ताब्यात, मग जसं आलं तसं जाणार."

जिन्यावरून ती फूटपट्टी कठड्याच्या गजांवर टकटक वाजवत उतरत होती, लहान मुलं वाजवतात तशी. खाली आल्यावर म्हणाली, "सगळे सांभाळताहेत, ताई. वापरत कुणीच नाही." मी म्हटलं, तुटेल म्हणून घाबरत असतील. ती म्हणाली की तुटायची भीती पहिल्या वर्षीही होती, तेव्हा तर उघडत होते. यंदा असं काय झालं?

तिसरं घर म्हणजे एक छोटं पार्लर होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, मध्ये एक पडदा. पार्लरवाली ताई हसतमुख, हात चालू आणि तोंडही चालू. तिची मुलगी सहावीत. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. आम्ही गेलो तेव्हा एक गिऱ्हाईक, चांगली जाडजूड मावशी, ओल्या डोक्याला टॉवेल गुंडाळून खिडकीत वाऱ्याला बसली होती.

टॅब कुठे राहतो म्हटल्यावर भिंगरीने आरशाकडे बोट दाखवलं. आरशाशेजारी दुकानातला एकुलता एक प्लग. त्यात टॅबची वायर. टॅब खाली स्टुलावर, घडी घातलेल्या टॉवेलवर निजवलेला. आणि केस वाळवायचा ड्रायर वर खुंटीला लटकत होता, वायर गुंडाळून, सुट्टीवर असल्यासारखा.

"संध्याकाळी पोरगी आली की प्लग तिचा," पार्लरवाली म्हणाली. "मग बायकांना सांगते, बसा जरा खिडकीत, वाळतील."

"मी आले तेव्हा माझे केस काळे होते," टॉवेलवाली मावशी म्हणाली. "वाळेपर्यंत पांढरे होतात की काय बघू या."

पट्टीबाई स्टुलापाशी खाली बसली. किती चार्ज झालाय, तिने विचारलं. भिंगरीने हात न लावता, मान वाकडी करून, कडेचा छोटा दिवा बघून सांगितलं, शंभर.

"मग काढ की वायर. पूर्ण भरलाय."

भिंगरी पहिल्यांदाच स्थिर उभी राहिली. "नको बाई. उघडला की नव्याण्णव होतो."

"होऊ दे. मग काय बिघडतं?"

"मग आमचा झेंडा जातो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेतले संगणक सर रोज सकाळी वर्गावर्गात येऊन टॅब बघत. ज्या वर्गाचे सगळेच्या सगळे टॅब भरलेले, त्या वर्गाच्या दाराला हिरवा झेंडा. भिंगरीच्या वर्गाकडे झेंडा कधीपासूनचा होता आणि तो टिकवणं हे आता त्यांचं जीवनकार्य झालं होतं. मध्ये एक मुलगा घरी गोष्ट वाचत बसला, सकाळी त्याचा टॅब थोडा कमी भरला आणि झेंडा शेजारच्या वर्गात गेला. त्या दिवशी डबा खाताना त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. त्यानंतर कुणी उघडलाच नाही. पार्लरवालीने तक्रारीच्या सुरात सांगितलं, की त्यात केस कापायच्या नव्या तऱ्हा दाखवतात म्हणे, मला एकदा बघायचं होतं, तर हिने घर डोक्यावर घेतलं.

"आई, तू बघशील आणि बोलणी मी खाईन," भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेत. संगणक सर तरुण, उत्साही, वऱ्हांड्यातून चालण्यापेक्षा पळणंच जास्त. झेंडा त्यांच्या आईने शिवून दिलेला, कडेला सोनेरी झालर. त्यांनी आनंदाने सांगितलं, की बाई, यंदा एकही टॅब मेलेला येत नाही, सगळे टवटवीत. पट्टीबाईने विचारलं, ही कल्पना कुणाची?

"झेंडा माझा, मग बाकीच्या शाळांनीही उचलला," सर म्हणाले. "कल्पना तुमचीच की. गेल्या वर्षी शिक्षकांच्या सभेत तुम्हीच उभ्या राहून सांगितलंत. मुलं टॅब रिकामे आणतात, तास फुकट जातो, काहीही करा, पण टॅब भरून आले पाहिजेत. आम्ही सगळ्या शाळांनी मिळून तेवढं एक केलं, बाई."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच अभिमान होता. मी पट्टीबाईकडे पाहिलं. ती जवळच्या बाकावर बसली. बाक लहान मुलांचा, त्यामुळे तिचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. क्षणभर मला वाटलं, आता हिला रडू येतंय. तर ती हसायला लागली. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग चष्मा काढून डोळे पुसू लागली. संगणक सरही हसायला लागले, कशाला ते त्यांना कळलं नव्हतं तरी.

"ताई, मी एक गोष्ट मोजायला सांगितली," ती म्हणाली, "आणि सगळ्या गावाने जीव तोडून तेवढीच मोजली."

हसणं संपल्यावर मात्र परतीच्या वाटेवर ती पट्टी तळहातावर आपटत चालली होती. अडचण काय होती ते मला दिसत होतं. नुसते आकडे लिहिले तर टॅब घरांतून जाणार. आकड्यांमागचं कारण लिहिलं तर कारण ती स्वतः. साहेब म्हणणार, बाईंना आपलं लेकरू वाचवायचंय, म्हणून आता सबबी शोधताहेत. आणि तिला सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती, की हे आपण खरं आहे म्हणून लिहितोय, की हवं आहे म्हणून?

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे जेवायला होते. नवऱ्याने सगळी हकीकत ऐकली आणि पोळी मोडत आपल्या डेपोतली एक सांगितली. वेळेवर पोचणाऱ्या चालकाचा फोटो डेपोत लावायची पद्धत सुरू झाली होती. एक पठ्ठ्या रोज अगदी ठोक्याला पोचायचा. पुढे कळलं, की तो मधल्या थांब्यांवर थांबतच नव्हता. "फोटो छान आला होता पण," तो म्हणाला. "बस रिकामी असली म्हणून काय झालं." पट्टीबाईने त्याला आमटी वाढली आणि म्हणाली, सभेत मी हे सांगू का? तो म्हणाला, सांग, फक्त तो पठ्ठ्या कोण ते सांगू नकोस. आणि मग स्वतःच इतका लाजला की आम्हाला कळायचं ते कळलं.

सभेला मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, पण दार उघडं होतं आणि कान चांगले आहेत. साहेबांनी आलेख दाखवला. रेघ जमिनीवर झोपलेली. मग पट्टीबाई उभी राहिली आणि तिने कपाट, हातरुमाल, खुंटीवरचा ड्रायर, सगळं जसं पाहिलं तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, की टॅब न वापरण्याचं कारण गेल्या वर्षीची माझी सूचना आहे. मी भरून आणायला सांगितलं, मुलांनी भरून आणले. उघडायला सांगायचं राहून गेलं.

सभेत जरा खाकरणं झालं. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतःलाच नापास करताय."

"नापास नाही, साहेब. फेरपरीक्षा मागतेय. एक महिना द्या. सगळ्या शाळांतला झेंडा काढू. चार्जिंग शाळेतच होईल, मधल्या सुट्टीत. टॅब रिकामा आला तरी चालेल. एवढं करूनही घरी उघडले नाहीत, तर बंद करा असं मीच लिहीन. तुम्हाला सांगावंसुद्धा लागणार नाही."

"आणि मागच्या सूचनेबद्दल काय नोंदवू?"

"नोंदवा, की बाईंनी अर्धंच गणित सोडवलं आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या."

कोणीतरी मोठ्याने हसलं. महिना मिळाला. साहेबांनी बाहेर येऊन मलासुद्धा एक गोळी दिली.

आता कामाला लागायचं होतं. भिंगरीच्या शाळेच्या शिपाईमामांनी छत्र्या ठेवायच्या जुन्या लाकडी घोडीला आडव्या फळ्या ठोकल्या, विजेच्या माणसाने प्लगची रांग लावून दिली, आणि मधल्या सुट्टीत टॅब त्यावर उभे राहू लागले, पाणी प्यायला आलेल्या गुरांसारखे एका ओळीत. झेंडा उतरवला तेव्हा भिंगरीच्या वर्गात सुतकी शांतता होती. संगणक सरांनाही करमेना. तिसऱ्या दिवशी ते पळत पळत कार्यालयातच आले. त्यांना नवी कल्पना सुचली होती. ज्या वर्गाचे टॅब सकाळी सगळ्यात रिकामे, त्या वर्गाला लाल झेंडा.

पट्टीबाईने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, की सर, तुम्ही सहावीत असता तर टॅब लवकर रिकामा करायला काय केलं असतं? सर विचारात पडले. म्हणाले, कसलातरी व्हिडिओ लावून ठेवला असता आणि खेळायला गेलो असतो. आणि मग त्यांनी स्वतःच डोक्याला हात लावला.

"झेंडा नाही, सर," ती म्हणाली. "कसलाच."

"एकदम छोटासा?"

"छोटासाही नाही."

पहिला आठवडा काहीच झालं नाही. आलेखाची रेघ कूस बदलायला तयार नव्हती. मुलांचा विश्वासच बसत नव्हता, त्यांना वाटत होतं ही काहीतरी परीक्षा आहे. मी पट्टीबाईला म्हटलं, अगं, शाळेत जाऊन एकदा सांग ना मुलांना, उघडा म्हणून. तुझं ऐकतील.

"तेच नको आहे," ती म्हणाली. "मी सांगितलं तर माझ्यासाठी उघडतील. पुन्हा झेंडाच झाला की तो, फक्त उंच आणि चष्मा लावलेला."

पण आतून ती बेचैन होती. नवऱ्याने मला चोरून सांगितलं की आजकाल ही पोळ्या मोजते आणि मोजून झाल्यावर किती होत्या ते विसरते. एरवी तो चिडवायची संधी सोडत नाही, पण ते दिवस त्याने तिला फारसं चिडवलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात रेघ जराशी हलली. मग कधीतरी नीट उठून बसली. संगणकावर सगळं दिसत होतं, तरी तिचं समाधान होईना. आकडे टॅबचे आहेत, ती म्हणाली, आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी मला पुन्हा चपला घालायला लावल्या.

पार्लर येण्याआधी रस्त्यावरूनच ड्रायरचा आवाज ऐकू आला. दारात तिने थांबून तो ऐकला, एखादी ओळखीची चाल ऐकावी तसा. आत टॅब आरशाला टेकून उभा होता, काचेवर बोटांचे आणि तेलाचे ठसे. तीच मावशी खुर्चीत बसली होती, आणि शेजारी भिंगरी तिला एका हरवलेल्या उंटाची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवत होती. ड्रायरच्या आवाजावर आवाज काढून वाचावं लागत होतं, त्यामुळे उंट, त्याचा मालक आणि पोलीस सगळेच भांडत असल्यासारखे बोलत होते. पार्लरवाली मधूनच ड्रायर बंद करून म्हणायची, थांब, उंटाला कुणी पाहिलं म्हणालीस? आणि पान मागे घ्यायला लावायची.

आम्हाला बघताच भिंगरीने टॅब झटकन उचलून पाठीमागे लपवला.

"टॅब कुठे राहतो?" पट्टीबाईने विचारलं.

भिंगरी रडवेली झाली. "बाई, चारच उरलंय."

पट्टीबाईने पर्स खाली ठेवली, ती भिंगरीजवळ गेली, तिचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाली, "शाबास. मग चार संपायच्या आत मला सांग, उंट सापडला का?"

भिंगरीने भराभर वाचायला घेतलं. पोलीस उंटाच्या मालकाला काहीतरी मोठं गुपित सांगणार, तेवढ्यात टॅबचा पडदा काळा झाला. मावशी खुर्चीतल्या खुर्चीत वळली, केस निम्मे कापलेले. "हे काय? आता?"

"आता उद्या," भिंगरी म्हणाली.

"मग उद्याही येते मी. कापायला केस उरले नसले तरी."

पट्टीबाईने मागे वळून रिकामी खुंटी पाहिली, प्लगमधली ड्रायरची वायर पाहिली. मग म्हणाली, ह्यांचं झालं की माझंही करा. आणि तिने अंबाड्यातले आकडे काढायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत मी तिचे केस मोकळे पाहिले नव्हते. पार्लरवालीने आदराने विचारलं, किती कापू? पट्टीबाईने पर्सकडे हात नेला, पट्टी अर्धी बाहेर काढली, आणि पुन्हा आत सरकवली. "तुम्हाला बरं वाटेल तेवढे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सभेत साहेबांनी आधी तिला ओळखलंच नाही, मग आलेख बघितला, मग पुन्हा तिच्याकडे बघितलं. म्हणाले, काय बाई, तुमचं लेकरू पास? तिने सांगितलं, काठावर, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघणार आहे. टॅब घरीच राहायचं ठरलं. या वेळी तिने दोन्ही गोळ्या खाल्ल्या.

बातमी शाळेत सांगायला आम्ही दोघी गेलो. संगणक सरांनी हिरव्या झेंड्याची झालर काढून त्याचं डिजिटल फळा पुसायचं फडकं केलं होतं, आणि ते फार छान पुसतं असं ते येईल त्याला सांगत होते. आम्ही भिंगरीच्या वर्गात शिरलो तेव्हा मुलांनी घाईघाईने काहीतरी लपवायचा प्रयत्न केला, पण डिजिटल फळा फडक्याने पुसून पुसला जात नाही. फळ्यावर एक लांबलचक उभी रेघ होती, आणि तिच्या डोक्यावर, गोलाच्या जागी, चारपाच आखूड केस वाऱ्यावर उडत होते.

पट्टीबाई पुढे गेली. पट्टी काढली, रेघेला लावली, केसांना लावली, आणि वर्गाकडे वळली.

"आता प्रमाण बरोबर आहे," ती म्हणाली.